सत्तर जागांचं मराठी

वरठीला रेल्वेने जायचं तर तिकीट 'भंडारा रोड'चं काढावं लागतं. स्टेशन वरठीत, नाव भंडाऱ्याचं, आणि भंडारा शहर तिथून दहाएक किलोमीटर. गावच्या माणसाला यात काहीच वावगं वाटत नाही. नवखा मात्र बिचकतो. जाहिरातींचे मेसेज बंद करण्याच्या सूचनांचंही तसंच. लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक, म्हणून अर्धं गाळलेलं. मग आजी फोन नातवापुढे धरते, "बाबू, हे बंद कसं करायचं रे?"

यात लिहिणाऱ्याचा आळस आहेच, पण एक अजब हिशेबही आहे. एका एसएमएसमध्ये मावतात १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साधारणपणे १६ बिट खातं; भागाकार केला की उरतात ७०. त्यात काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, प्रत्येकाला वेगळी जागा. डोळ्याला एकच दिसणारं 'च्या' चार जागा अडवून बसतं!

हे वाक्य मोजून पाहा: 'जाहिराती बंद करायच्या असतील तर १९०९ वर मोफत मेसेज पाठवा.' मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून ५६ झाल्या. मेसेजात लिहायचं काय, हे सांगायचंच राहिलं आणि हाती उरल्या १४. लांब मजकूर तुकड्यांत पाठवता येतो, फोन तो जोडूनही दाखवतो. पण पाठवणाऱ्याला सहसा तुकड्यागणिक पैसे पडतात. म्हणून तो इंग्रजीकडे वळतो. ज्याला सूचनेची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच लिपीला जागा सर्वांत कमी.

तरी ही सबब मला पटत नाही. 'धमाकेदार सेल' गाळलं की १२ जागा मोकळ्या होतात. सूचनेत आधी कृती यावी, मग ती कुठे करायची ते, मग पैसे पडतील की नाही ते. बाकी सगळी सजावट.

ईमेलवाल्यांनी हा प्रश्न वेगळ्याच बाजूने सोडवला. पत्रासोबत न दिसणारी एक ओळ जाते, ती वाचून ईमेलचं अ‍ॅपच 'बंद करा'चं बटण दाखवतं. एका टिचकीत काम होण्याचं तंत्र २०१७ मध्ये ठरलं. २०२४ मध्ये जीमेल आणि याहू यांनी घाऊक जाहिराती पाठवणाऱ्यांना ते सक्तीचं केलं. सूचना सोपी करण्यापेक्षा तिची गरजच संपवली, हे मला फार आवडतं.

आपल्याकडे दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०२५ मध्ये पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर जोडायला लावलं: 'पी' असेल तर जाहिरात, 'एस' सेवा, 'टी' व्यवहार, 'जी' सरकारी. एवढं एक अक्षर ओळखता आलं तरी घरातल्या वडीलधाऱ्यांचं निम्मं काम होतं.

तेव्हा अनोळखी मेसेजातल्या 'बंद करा'च्या लिंकला हात लावू नका. ज्या सिमवर जाहिराती येतात, त्याच सिमवरून १९०९ ला फोन लावा, किंवा इंग्रजी अक्षरांत 'फुली ब्लॉक' लिहून त्याच नंबरावर मेसेज करा. बँकेच्या व्यवहाराचे मेसेज आणि ओटीपी त्यानंतरही येतच राहतात.