इंजिन एका जागी, ताकद दुसऱ्या जागी

सोयाबीन काढायचं असो, हरभरा असो, नाहीतर वसमतकडची हळद पॉलिश करायची असो, ट्रॅक्टर आल्याशिवाय आता काम पुढं सरकत नाही. ट्रॅक्टरवर बहुतेक वेळा एखादा भाऊ बसलेला असतो. पण मशीनच्या तोंडात माल टाकायला, पोतं धरायला, हळदीच्या ढोलापाशी आपण बायाच असतो. इंजिनाची ताकद आपल्यापर्यंत कशी येते आणि ती थांबते कशी, हे म्हणूनच आपल्यालाही माहीत पाहिजे.

ही युक्ती जुनी आहे. आपल्या सैन्यात अनेक वर्षं जबलपूरला बनलेले शक्तिमान ट्रक होते. अशा लष्करी ट्रकांपैकी काहींवर तारेचं मोठं रीळ बसवलेलं असतं. त्याला विंच म्हणतात. चिखलात रुतलेली गाडी त्यानं ओढून काढतात. त्या वेळी ट्रक जागेवर उभा असतो, चाकं फिरत नाहीत, पण इंजिन चालू असतं. गिअरबॉक्सच्या बाजूनं एक जादा तोंड काढलेलं असतं. लिव्हर ओढली की त्या तोंडाला जोडलेला दांडा फिरायला लागतो. तो दांडा रीळ फिरवतो, नाहीतर तेलाचा पंप फिरवतो. या तोंडालाच पीटीओ म्हणतात. आपल्या ट्रॅक्टरच्या मागं जो दातेरी दांडा बाहेर आलेला दिसतो, तो पीटीओच.

म्हणजे इंजिनाची ताकद तीन वाटांनी बाहेर पडते: फिरत्या दांड्यानं, तारेनं आणि तेलानं. तिन्ही वाटा आपल्या रोजच्या कामात आहेत.

पहिली वाट दांड्याची. ट्रॅक्टरपासून मळणी यंत्रापर्यंत जो शाफ्ट जातो, तो साधारणपणे मिनिटाला 540 वेळा फिरतो. म्हणजे एका सेकंदात नऊ वेळा. नुसता दांडा साडेतीन सेंटिमीटर जाड असला, तरी तो सेकंदाला एक मीटर कापड गुंडाळतो. जोडाजवळ जाडी जास्त असते, तिथं दोन-अडीच मीटरसुद्धा जातं. आपला पदर केवढा असतो, ते तुम्हीच बघा. तो अडकला तर "बंद करा" हे शब्द तोंडातून निघायच्या आत सगळं होऊन जातं. ओढून पदर सुटत नाही. माणसाच्या हातात तेवढं बळच नाही.

म्हणून शाफ्टवर प्लास्टिकची नळी, म्हणजे गार्ड, असतो. तो तुटला की बरेच जण काढून फेकून देतात आणि काम चालू ठेवतात. गार्ड नसलेल्या शाफ्टजवळ काम करायचं नाही, हा पहिला नियम. शाफ्ट ओलांडून पलीकडं जायचं नाही, लांबून वळसा घालायचा. पदर कमरेला घट्ट खोचायचा आणि वरून शर्ट घालून सगळ्या गुंड्या लावायच्या. वेणी मोकळी सोडायची नाही, अंबाडा बांधून वर रुमाल बांधायचा.

थांबण्याबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. ज्या ट्रॅक्टरला दोन टप्प्यांचा क्लच असतो, त्याचा क्लच अर्धा दाबला तर चाकं थांबतात, पण पीटीओ फिरतच राहतो. दुसरं म्हणजे, पीटीओ बंद केला तरी मशीनचा जड ढोल आपल्या वेगानं काही वेळ फिरतो. अडकलेला माल काढायचा असेल तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली हातात, आणि सगळं फिरायचं थांबल्याचं डोळ्यांनी बघितल्यावरच हात घालायचा.

दुसरी वाट तारेची. विहिरीवरची यारी म्हणजे आपल्या गावातली विंचच. इंजिन रीळ फिरवतं, तार गुंडाळली जाते, भरलेली बकेट वर येते. तारेचे बारीक धागे तुटून कुसळासारखे उभे राहिले असतील, किंवा तारेला पीळ पडून घडी बसली असेल, तर ती तार बदलायला लावा. बकेट खाली गेल्यावरही रिळावर चार-पाच वेढे शिल्लक राहिले पाहिजेत, कारण तारेच्या टोकाच्या बांधणीपेक्षा हे वेढेच वजन जास्त पेलतात. ताणलेली तार तुटली की चाबकासारखी उलटी येते. म्हणून तारेच्या रेषेत आणि वर येणाऱ्या बकेटीखाली कुणी उभं राहायचं नाही. रिळावर तार सरळ बसवायला हात लावायचा नाही.

तिसरी वाट तेलाची. ट्रॉली पालथी करणारा जॅक यावर चालतो. पंप तेलाला दाबतो. तेल दाबून लहान होत नाही, म्हणून ते दट्ट्याला पुढं ढकलतं. दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलो दाब असेल आणि दट्ट्या दहा सेंटिमीटर रुंद असेल, तर अकरा टनांहून जास्त जोर तयार होतो. भरलेली ट्रॉली एवढ्या सहज उचलते ती यामुळंच. पण पाइप फुटला, की ती त्याच क्षणी खाली येते. उचललेल्या ट्रॉलीखाली मजबूत टेकू लावल्याशिवाय कुणी वाकायचं नाही. ट्रॉलीच्या सावलीत लेकराची झोळी बांधायची नाही, झाडाची सावली शोधायची.

पाइपातून तेल बारीक झिरपत असेल तर बोट लावून बघू नका. तेवढ्या दाबाचं तेल कातडीत घुसतं. वरून सुईएवढी जखम दिसते, आत मात्र मांस सडू शकतं. असं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही, त्याच तासाला दवाखाना गाठायचा आणि तेल आत गेलंय असं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

आता पैशाचं बोलू. शेतकऱ्याच्या घरात अपघात झाला तर राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास 2 लाख रुपये आणि एक अवयव गेल्यास 1 लाख रुपये मिळतात. ही मदत सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं करायचा असतो. पण जिच्या नावावर जमीन नाही आणि घरातही कुणाच्या नावावर नाही, ती मजूर बाई यात बसत नाही. मशीनजवळ तर सगळ्यात जास्त तीच उभी असते. मळणी यंत्रांसाठी 1983 चा धोकादायक यंत्रांचा कायदा आहे, त्यात भरपाईची जबाबदारी काम करवून घेणाऱ्यावर टाकलेली आहे. तरी गेलेला हात कोणत्याच कायद्यानं परत येत नाही.

म्हणून गुत्तं ठरवतानाच बोलायचं. भाव ठरवतो, चहा ठरवतो, तशाच तीन गोष्टी ठरवायच्या. शाफ्टला गार्ड आहे का? माल टाकणं चालू असेपर्यंत ड्रायव्हर भाऊ ट्रॅक्टरजवळून हलणार नाही ना? आणि आपल्यातली एक जण नुसती लक्ष ठेवायला उभी राहील, तिनं हात वर केला की लगेच मशीन बंद, हे मान्य आहे का? तिची मजुरी इतरांइतकीच धरायची. एकटी बाई हे बोलली तर तिला दुसऱ्या दिवशी कामाला बोलावणार नाहीत. गटातल्या दहाजणी मिळून बोलल्या, तर मालकाला ऐकावंच लागतं, कारण सुगीच्या दिवसात त्यालाही दहा हात लगेच मिळत नाहीत.

गटाच्या येत्या बैठकीत हा विषय घ्या.