सहा दिवस, पाच विजय : सवानीचा १८९९चा फुटबॉल हंगाम

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, कंबरलँड पठारावर सवानी नावाचे छोटेसे गाव आहे. तिथले ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’ हे एपिस्कोपल चर्चने उभारलेले विद्यापीठ गावाच्याच नावाने ओळखले जाते. १८९९ साली या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने २१ ऑक्टोबर ते २ डिसेंबर या सहा आठवड्यांत बारा सामने खेळले आणि बाराही जिंकले. संघाचे एकूण गुण ३२२ झाले. सगळ्या प्रतिस्पर्ध्यांचे मिळून अवघे १०.

हा अमेरिकी फुटबॉल, पण आजच्याहून बराच वेगळा. चेंडू पुढे फेकायला तेव्हा मनाई होती. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकता आले नाही, तर चेंडू समोरच्या संघाकडे जाई. टचडाउनला पाच गुण मिळत. मैदानाबाहेर गेलेल्या खेळाडूला त्या सामन्यात परत येता येत नसे, म्हणून तेच अकरा जण आक्रमणही करीत आणि बचावही. शिरस्त्राणाची सक्ती नव्हती. चेंडू घेतलेल्या गड्याभोवती घोळका करायचा आणि सगळ्यांनी मिळून समोरच्या रांगेवर तुटून पडायचे, ही खेळण्याची मुख्य रीत. अंगाला बसणारा मार लक्षात घेतला, तर लागोपाठच्या दिवशी सामने खेळणे हे मुळात अघोरीच होते.

तरीही तसा दौरा ठरला, तो पैशाच्या अडचणीतून. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी तिकिटांच्या उत्पन्नाच्या वाटणीवरून बिनसले आणि हंगामातला सर्वांत कमाईचा सामना हातचा गेला. संघाचा विद्यार्थी-मॅनेजर ल्यूक ली याने ती भर काढण्यासाठी रेल्वेने सुमारे ४,००० किलोमीटरचा फेरा आखला. एकवीस खेळाडू निघाले. सवानीच्या झऱ्याचे पाणी पिंपांत भरून सोबत घेतले होते, आणि खेळायचे बूट मात्र स्टेशनावरच राहिल्याने मागाहून मागवावे लागले, असे सांगतात.

९ नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठावर १२–० असा विजय मिळाला. दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एम, १०–०. तिसऱ्या दिवशी न्यू ऑर्लिन्समध्ये टुलेन, २३–०. मधला रविवार विश्रांतीचा. सोमवारी बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेट, ३४–०. मंगळवारी मेम्फिसमध्ये मिसिसिपी, १२–०. सामना संपला की गाडी गाठायची, रात्र शयनयानात काढायची आणि उतरल्यावर ताज्या दमाच्या संघासमोर उभे राहायचे, असा हा क्रम. अशा सहा दिवसांत एकाही प्रतिस्पर्ध्याला एकही गुण मिळू नये, हा या हंगामातला सर्वांत थक्क करणारा भाग आहे. त्याचे श्रेय प्रिन्स्टनहून आलेले प्रशिक्षक बिली सूटर आणि कर्णधार हेन्री सीबल्स यांच्याइतकेच रोज रात्री खेळाडूंचे अंग रगडून त्यांना उभे करणाऱ्या कॅल बरोज या कृष्णवर्णीय सहायकालाही द्यायला हवे.

खरी कसोटी मात्र दौऱ्यानंतर लागली. ३० नोव्हेंबरला माँटगोमेरीत जॉन हाइझमन यांच्या ऑबर्न संघाने सवानीला जेरीस आणले. हंगामात सवानीविरुद्ध झालेले दहाच्या दहा गुण याच सामन्यातले. ११–१० असा निसटता निकाल लागला आणि पंचांच्या निर्णयांवर हाइझमन यांनी उघड नाराजी व्यक्त केली. लगेच दोन दिवसांनी अटलांटामध्ये नॉर्थ कॅरोलायनावर ५–० असा विजय मिळवून सवानीने हंगाम संपवला.

ल्यूक ली पुढे अमेरिकी सिनेटचा सदस्य झाला. सीबल्सचे नाव १९७३ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये नोंदले गेले. विद्यापीठाची वाट मात्र बदलली. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे ते संस्थापक सदस्य होते. पण मोठ्या सरकारी विद्यापीठांपुढे त्याचा टिकाव लागला नाही आणि त्या स्पर्धेत एकही सामना न जिंकता १९४० मध्ये ते बाहेर पडले. आज सवानीचा संघ खेळाडूंना क्रीडा-शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो.