मांडवी येईपर्यंत

रविवारची सकाळ. गणपती जवळ आलेत, त्यामुळे पनवेल स्टेशनात कोकणात निघालेल्यांची गर्दी फलाटाच्या टोकापर्यंत पसरली आहे. बोचकी, पत्र्याच्या पेट्या, मखराच्या सामानाची खोकी. त्या पसाऱ्यात पाच-सहा मुलंमुली जमिनीवरच बसली आहेत, मांडीवर क्लिपबोर्ड आणि हातात 6बी पेन्सिल. मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकणारी, पनवेल, कामोठे, पेण अशा ठिकाणांहून रोज ये-जा करणारी ही मुलं. उद्या त्यांना स्केचेस दाखवायची आहेत.

एक मुलगी खांबाला टेकलेल्या आजींना काढते आहे. आजी कणकवलीच्या, मांडवी एक्सप्रेसची वाट बघताहेत. मुलीची नजर कागदावर कमी, आजींवर जास्त. आधी मानेपासून कमरेपर्यंत पाठीचा बाक, एका रेघेत. मग दुमडलेल्या गुडघ्यांचा कोन. लुगड्याच्या चुण्या सगळ्यात शेवटी. खोडरबर तिने आणलेलंच नाही. चुकलेली रेघ तशीच ठेवून ती शेजारून दुसरी ओढते. पाहिलं कसं, याचा सगळा हिशोब कागदावर राहतो. मोबाइलवर फोटो काढून घरी सावकाश उतरवणाऱ्याच्या चित्रात तो कधीच दिसत नाही.

"काय गो, माजा काय काढतस?"

"तुम्हालाच काढतेय आजी. थोडा वेळ अशाच बसा ना."

आजी लगेच पदर सारखा करून ताठ बसतात. पाठीचा तो बाक गेला. मुलगी कुरकुरत नाही. पान उलटते आणि ताठ बसलेल्या आजी काढायला घेते.

हे शिक्षण तसं जुनं आहे. सर जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांतून 1857 मध्ये जेजे सुरू झालं. 1890 मध्ये कोल्हापूरहून आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर इथेच शिकले, पुढे इथेच शिकवू लागले, आणि मुंबईच्या रस्त्यावरची माणसं आयुष्यभर काढत राहिले. एडवर्ड्स यांच्या 'बायवेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकाच्या 1912 च्या आवृत्तीत त्यांची चित्रं आहेत. 2023 मध्ये जेजेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दर्जा कोणताही असो, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देऊन, सीईटीतून वर आलेल्या साध्या घरातल्या मुलाला तिथली फी झेपली पाहिजे. सरकारी कलाशिक्षणाचा अर्थ माझ्या लेखी एवढाच आहे.

पेणचा मुलगा शिल्पकलेला आहे. घरी गणपतीचा कारखाना, सध्या रात्री उशिरापर्यंत रंगकाम चालू. लहानपणापासून साच्यातून निघालेल्या मूर्ती पाहिलेल्या, त्यामुळे कॉलेजात तारेचा सांगाडा बांधून त्यावर माती चढवायची वेळ आली तेव्हा पहिले काही महिने फार जड गेले, असं तो सांगतो. "साच्यात मूर्तीचा तोल आधीच ठरलेला असतो. इथे तो आपण शोधायचा." बोलताना तो झोपलेल्या हमालाचा तळपाय काढतो आहे. टाच, घोटा, बोटांची चढती रांग. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करून सरावलेला हात आहे. रेघ कुठेच थरथरत नाही.

रेल्वे पोलीस येतो, वाकून बघतो. "परवानगी आहे का?" मुलगी ओळखपत्र पुढे करते. तो ते उलटसुलट करून परत देतो आणि विचारतो, "माझ्या पोरीची चित्रकला चांगली आहे, आठवीत आहे. काय करावं लागतं?" तिघं एकदम सांगायला लागतात.

घोषणा होते. मांडवी येते आहे. फलाट उठून उभा राहतो. जमलेल्या सगळ्या पोझ मोडतात. आजी बोचकं डोक्यावर घेतात, नातू त्यांचा हात धरून जनरल डब्याकडे ओढतो. पहिल्या वर्षाचा एक मुलगा पेन्सिल खाली ठेवतो.

"ठेवलीस का?" पेणचा ओरडतो. "आता तर खरं काम आहे. चेहरे सोड, बोचक्याखालची मान बघ, वजन कुठल्या पायावर आहे ते बघ! काढ!"