जुन्या मोटारींचें दुकान

जुनी वस्तु विकत घेणाऱ्याच्या मनांत एक शंका नेहमीं असते: वस्तु चांगली असती, तर मालकानें ती विकलीच कशाला असती? भांडें असेल तर तें वाजवून पाहतां येतें. बैल असेल तर त्याचे दांत मोजतां येतात, त्याला चार पावलें चालवितां येतें. मोटारीचे दांत तिच्या पोटांत असतात. नवा रंग दिलेली, आसनांवर नवे अभ्रे चढविलेली मोटार उभी असतांना कोणासहि देखणीच दिसते. तिचा खरा स्वभाव चढावर किंवा पहिल्या पावसांत कळतो, आणि तोंपर्यंत पैसे देऊन झालेले असतात. जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याचा सारा धंदा ह्या शंकेच्या निवारणावर उभा आहे. वरवर पाहतां तो लोखंड विकतो; खरोखर विकतो ती खात्री.

जॉर्ज अकर्लॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं ह्याच शंकेवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. खोड असलेल्या मोटारीला अमेरिकेंतील बोलभाषेंत ‘लिंबू’ म्हणतात, आणि निबंधाच्या नांवांतच लिंबांचा बाजार होता. त्यांतील विचार साधा आहे. समजा, बाजारांत सारख्याच दिसणाऱ्या दोन मोटारी आहेत. एक तीन लाखांच्या योग्यतेची, दुसरी एका लाखाच्या. कोणती कशी आहे हें विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास नाहीं. घेणारा आपल्या परीनें शहाणपण करून मधली किंमत, म्हणजे दोन लाख, देऊं करतो. चांगल्या मोटारीचा मालक ती घरीं परत नेतो. वाईट मोटारीचा मालक आनंदानें सौदा करतो. पुढच्या खेपेस घेणारा अधिक सावध होतो, किंमत आणखी उतरते, आणि होतां होतां बाजारांत लिंबेंच उरतात. अकर्लॉफ ह्यांनीं १९६७-६८ चा काळ दिल्लीस काढला होता. बाजारांतून आणलेल्या तांदुळांत मुद्दाम मिसळलेले, दाण्यासारखेच दिसणारे खडे गृहिणींना निवडून काढावे लागतात, हा दाखला त्यांनीं ह्याच निबंधांत दिला आहे. अशा विचारांबद्दल त्यांना २००१ सालीं आणखी दोघां अर्थशास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळालें.

तांदूळ निवडण्याची ही गोष्ट आरमोरीस निराळी समजावून सांगावयास नको. गडचिरोली जिल्ह्यांतील हें गांव धानाच्या मुलुखांत आहे. ब्रह्मपुरीकडून येणारा रस्ता वैनगंगा ओलांडून येथें पोंचतो. पुढें एक वाट गडचिरोलीस जाते, दुसरी देसाईगंज-वडशास. वडसा हें झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचें माहेरघर. दिवाळीनंतर ह्या मंडळ्या रात्रीं गांवोगांव प्रयोग करीत हिंडतात, आणि त्यांना गाड्यांवांचून चालत नाहीं. शाळामास्तर, भातगिरणीचे मालक, ठेकेदार, तालुक्याच्या दवाखान्यांतील नोकरवर्ग ह्या सर्वांनाच नवी मोटार झेपते असें नाहीं. उलट नागपुरासारख्या शहरांतील एखाद्या घराला सात-आठ वर्षें वापरलेली मोटार जुनाट वाटूं लागते. शहरानें टाकलेली मोटार आणि तालुक्याला हवी असलेली मोटार ह्यांची गांठ घालून देणें, हें आरमोरीसारख्या ठिकाणच्या दुकानाचें काम. म्हणून ह्या धंद्याशीं शहरांतील सुशिक्षित कुटुंबाचाहि संबंध येतो. तें कुटुंब बहुधा विकणाऱ्याच्या बाजूस असतें एवढेंच.

पूर्वीं हा धंदा म्हणजे एक झाड, त्याखालीं दोन मोटारी आणि खिशांत कोऱ्या फॉर्मांची चवड, इतकाच असे. केंद्र सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें मोटार वाहन नियमांत भर घातली, आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यास नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घेण्याची पद्धति सुरू झाली. अधिकारपत्राची मुदत पांच वर्षांची असते. मालकानें मोटार दुकानांत दिली, कीं दोघांनीं मिळून तशी सूचना परिवहन खात्यास द्यावयाची. मग नोंदणीचें नूतनीकरण, ना-हरकत प्रमाणपत्र, नांव बदलणें ह्यांसाठीं अर्ज करण्याचा अधिकार व्यापाऱ्याकडे येतो, आणि मोटारीची जबाबदारीहि येते. ताब्यांतील मोटार कोणीं, कोणत्या कामासाठीं, किती चालविली ह्याची नोंद त्याला ठेवावी लागते. दुकानाची मोटार घेऊन मित्रमंडळीनें लग्नास जावें, हा जुना रिवाज त्यामुळें नियमबाह्य ठरला. आरमोरीच्या व्यापाऱ्यास ह्या कामांकरितां गडचिरोलीच्या परिवहन कार्यालयाशीं संबंध ठेवावा लागतो. त्या जिल्ह्याच्या मोटारींवर ‘एम.एच. ३३’ ही खूण असते. चंद्रपुराची ३४, नागपूर शहराची ३१.

आरमोरी तालुक्यांतील वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख ‘ऐन-इ-अकबरी’त आहे. हिऱ्याला पारखी लागतो, तसा जुन्या मोटारीलाहि लागतो. पारखी मनुष्य मोटार सकाळीं, इंजिन थंड असतांना पाहतो. आधीं तापवून ठेवलेलें इंजिन आपले दोष लपवितें. निळसर धूर निघाला तर इंजिन तेल जाळीत आहे. तापल्यावरहि पांढरा धूर थांबेना, तर थंडाव्याचें पाणी आंत शिरत असावें. काळा धूर निघाला तर इंधन नीट जळत नाहीं. दाराच्या फटी दोन्ही बाजूंस सारख्या आहेत काय, बिजागऱ्यांच्या स्क्रूंवरील रंग उडाला आहे काय, ह्यांवरून जुना अपघात ओळखतां येतो. मीटर तीस हजार किलोमीटर दाखवीत असेल आणि ब्रेकच्या पायटीचें रबर झिजून गुळगुळीत झालें असेल, तर पायटीवर विश्वास ठेवावा. टायरवरील चार आंकडे आठवडा व वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

वैनगंगेच्या कांठीं आणखी एक परीक्षा करावी लागते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस ह्या नदीला मोठा पूर येऊन ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी ह्या भागांत पाणी शिरलें होतें. पुरांत बुडालेली मोटार वाळवून, धुऊन, अत्तर मारून पुन्हा बाजारांत आणतां येते. परंतु सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला म्हणजे त्याच्या टोंकास गाळाची रेघ दिसते; आसनाखालच्या रुळांवर गंज असतो; जादा चाकाच्या खळग्यांत माती सांपडते. अशी मोटार कितीहि स्वस्त मिळाली तरी ती घेऊं नये, कारण तिच्या विजेच्या तारा एकामागून एक कुजत जातात.

यंत्र पाहून झाल्यावर कागद पाहावयाचे. जाणते व्यापारी कागदच आधीं पाहतात. नोंदणीच्या दाखल्यावरील, म्हणजे आर.सी. बुकावरील, चॅसिस व इंजिन ह्यांचे नंबर प्रत्यक्ष मोटारीवरील नंबरांशीं ताडून पाहावे. मोटार कर्जावर घेतलेली असेल, तर दाखल्यावर बँकेचा बोजा असतो. तो फॉर्म ३५ देऊन उतरविल्यावांचून नांव बदलत नाहीं. थकलेलीं चलानें, विम्याची मुदत, प्रदूषणाचा दाखला हींहि पाहावीं लागतात. १ एप्रिल २०१९ पूर्वींच्या मोटारीवर उच्च सुरक्षा नंबरप्लेट आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यापुढें तपासणी करून ती पांच-पांच वर्षांनीं वाढवावी लागते. दिल्लीच्या परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल मोटारींवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं बंदी घातली, तेव्हांपासून तिकडील मोटारी इतर राज्यांत स्वस्तांत येऊं लागल्या. परराज्यांतील मोटारीस ना-हरकत प्रमाणपत्र लागतें, महाराष्ट्राचा कर नव्यानें भरावा लागतो, नंबर बदलावा लागतो. हा खर्च जमेस धरला म्हणजे ती स्वस्ताई पुष्कळदां उरत नाहीं.

नांव बदलण्याचें काम कंटाळवाणें म्हणून बहुतेक लोक तें मागें टाकतात. फॉर्म २९ व ३० वर सह्या करून, किल्ली देऊन, पैसे घेऊन शहरांतला मालक मोकळा होतो. निदान तसें त्याला वाटतें. सर्वोच्च न्यायालयानें नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार ह्या खटल्यांत ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं दिलेला निकाल अशा मालकानें अवश्य लक्षांत ठेवावा. त्या प्रकरणांतील मोटार पहिल्या मालकानें २००७ सालीं विकली होती. घेणाऱ्यानें ती पुढें विकली, त्यानेंहि पुढें विकली. नोंदणी कोणींच बदलली नाहीं. २००९ सालीं तिच्या अपघातांत एकाचा प्राण गेला. सरकारदप्तरीं मोटार अजून पहिल्याच मालकाच्या नांवावर होती, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयानें त्याच्यावरच ठेवली. अपघातांत सांपडलेल्यानें विक्रीच्या साखळीचा माग काढीत फिरावें, हें न्यायालयाला मान्य झालें नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत विक्री झाल्यास विकणाऱ्यानें १४ दिवसांच्या आंत आणि घेणाऱ्यानें ३० दिवसांच्या आंत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचें असतें. विम्यावरील नांव बदलण्याचा अर्जहि १४ दिवसांतच करावयाचा असतो. नव्या नांवाचा दाखला तयार झाल्यावर त्याची प्रत जुन्या मालकास पाठविणारा व्यापारी त्याच्या डोक्यावरील मोठा भार उतरवितो, आणि पुढची मोटार त्याच घराच्या शेजाऱ्याकडून मिळवितो.

आतां नफ्याचा हिशेब. व्यापाऱ्यानें एक मोटार २,००,००० रुपयांस घेतली व २,४०,००० रुपयांस विकली, असें समजूं. ऐकणाऱ्यास चाळीस हजार सुटले असें वाटतें. वस्तु-सेवा कर खरेदी-विक्रीच्या फरकावर बसतो. जानेवारी २०२५ पासून नोंदणी केलेल्या व्यापाऱ्यास तो सर्व जुन्या मोटारींवर १८ टक्के आहे. ४०,००० वर ७,२०० रुपये कर झाला. दुरुस्तीचा खर्च ह्या फरकांतून वजा मिळत नाहीं. दुरुस्ती व टायर मिळून १२,०००, इंधन व कागदपत्रें ४,००० धरलीं. आणि भांडवल महिना दीड टक्क्यानें उचललें असेल, तर तीन महिन्यांचें व्याज ९,०००. एकूण खर्च ३२,२०० रुपये. हातीं राहिले ७,८००, आणि त्यांतून जागेचें भाडें अजून द्यावयाचें आहे. हीच मोटार सहा महिने उभी राहिली, तर आणखी ९,००० व्याज चढून १,२०० रुपयांचा तोटा होतो. तेव्हां ह्या धंद्यांत नफा खरेदीच्या वेळींच कमवावा लागतो, आणि तो दिवसांगणिक झिजत असतो.

आरमोरीच्या बाजूस दिवसांचें गणित ऋतूंवर चालतें. धान कापून, विकून पैसा हातीं येतो तो हिवाळ्यांत. उन्हाळ्यांत तेंदूपानाच्या हंगामाचा पैसा फिरतो. पावसाळ्यांत पैसा रोवणीच्या चिखलांत असतो. आषाढांत सवंग मिळाली म्हणून घेतलेली मोटार दिवाळी उलटेपर्यंत व्याज खात उभी राहण्याचा संभव फार. ह्याशिवाय बाजारभाव बदलतो तो निराळाच. परवान्यांच्या काळांत नवी मोटार मिळण्यास वर्षानुवर्षें थांबावें लागे, तेव्हां जुनी फियाट कित्येकदां नव्याच्या किंमतीपेक्षांहि महाग विकली जाई. आजची गोष्ट उलट आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या मोटारींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. नवी स्वस्त झाली, कीं दारांत उभ्या असलेल्या जुनीची किंमतहि घसरते. म्हणून थोड्या भांडवलाच्या माणसानें आरंभीं स्वतःच्या मालकीच्या एक-दोनच मोटारी ठेवाव्या, आणि बाकीच्या दलालीवर विकाव्या. दलालींत मिळकत कमी, पण व्याजाचा घोर मालकाचा असतो.

शेवटीं प्रश्न राहतो तो खात्रीचा. मोठ्या शहरांत मोटारींच्या कंपन्यांनीं स्वतःच जुन्या मोटारींचीं दुकानें काढलीं आहेत. मारुतीनें २००१ सालींच हा उद्योग आरंभिला. कंपनीचें नांव तेथें हमीचें काम करतें. तालुक्याच्या व्यापाऱ्याजवळ तसें नांव नसतें. त्यानें सापडलेले दोष एका कागदावर लिहावे, सहीनिशीं गिऱ्हाइकाच्या हातीं द्यावे. गिऱ्हाइकानें आपला मिस्त्री आणला तर त्यास आनंदानें बोनेट उघडून द्यावें. खासगी नंबरची मोटार भाड्यानें चालवितां येत नाहीं, हें टॅक्सीचा विचार करणाऱ्या तरुणास सौद्यापूर्वींच सांगावें. असें केल्यानें एखादा सौदा मोडतो हें खरें. परंतु नागपुरांत फसलेलें गिऱ्हाईक गर्दींत दिसेनासें होतें. आरमोरींत तें पुढच्या आठवडी बाजारीं पुन्हा समोर उभें राहतें, आणि त्याच्याबरोबर त्याचे व्याही, मेहुणे व शेजारी असतात. चांगल्या मोटारीचा मालक ती परत घरीं नेतो, असें अकर्लॉफ ह्यांनीं दाखविलें. तीच मोटार दुकानाच्या दारीं आणण्यास तो तयार झाला, तर व्यापाऱ्याची निवड लोकांस पटली असें समजावें.