संस्थेची वेबसाइट : येणाऱ्याचे काम अडवणाऱ्या चुका

व्यापारी संघटना, कारागिरांच्या सहकारी संस्था, शिष्यवृत्ती देणारे ट्रस्ट आणि जमाती यांपैकी अनेकांनी आता स्वतःची वेबसाइट काढली आहे. त्यासाठी खर्च होतो, थाटाने उद्घाटनही होते. तरीही लोक पूर्वीप्रमाणे कार्यालयात फोन करून विचारतात, "फॉर्म कुठे मिळेल? शेवटची तारीख कोणती?" माहिती वेबसाइटवर असते, पण ती सापडत नाही. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. वेबसाइट पदाधिकाऱ्यांच्या सोयीने मांडलेली असते, काम घेऊन येणाऱ्याचा विचार त्यात झालेला नसतो.

वेबसाइटची वापरसुलभता हा अभ्यासाचा विषय आहे. या विषयाचे जाणकार याकोब नील्सन यांनी वेबसाइटमधील दहा ठळक चुकांची यादी १९९६ सालीच प्रसिद्ध केली होती. सरकत राहणाऱ्या पट्ट्या, शिळी माहिती, उघडायला लागणारा वेळ या गोष्टी त्या यादीत होत्या. आजही त्याच चुका आपल्या संस्थांच्या वेबसाइटवर दिसतात.

दर्शनी पान

दुकानदाराला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपण दर्शनी भागात मालकाचा फोटो लावून माल मागच्या खोलीत ठेवत नाही. वेबसाइटवर मात्र नेमके तेच होते. पहिल्या पानावर अध्यक्षांचे मनोगत, सत्काराचे फोटो आणि आपोआप बदलणारी मोठी चित्रे असतात. अशा हलत्या चित्रांना लोक जाहिरात समजून नजर पुढे नेतात. त्यातच एखादी महत्त्वाची सूचना असेल, तर ती वाया जाते.

कारागिरांच्या संस्थेचे उदाहरण घ्या. परगावचा खरेदीदार पाहतो तो मालाचे माप, भाव, किमान किती नग घ्यावे लागतील, माल किती दिवसांत मिळेल आणि कोणाशी बोलायचे, एवढेच. त्याला 'आमचे ध्येय' आणि 'आमची वाटचाल' वाचायला मिळाले, तर तो दुसरीकडे जातो. ऑर्डर गेल्याचे संस्थेला कळतही नाही. म्हणून वेबसाइट बनवण्यापूर्वी लोक कोणत्या पाच कामांसाठी येतील ते कागदावर लिहावे आणि ती पाचही कामे पहिल्या पानावर, साध्या शब्दांत मांडावी. 'सेवा' असे मोघम लिहिण्यापेक्षा 'शिष्यवृत्तीचा अर्ज' असे लिहिले की कोणाला विचारावे लागत नाही.

मजकुराचे फोटो

लेटरहेडवरील सूचनेचा फोटो काढून तोच वेबसाइटवर टाकण्याची सवय सर्रास आहे. मोबाइलवर तो बोटांनी मोठा करून, इकडेतिकडे सरकवत वाचावा लागतो. अंध व्यक्तीच्या मोबाइलमधील वाचून दाखवणाऱ्या सोयीला त्यातील अक्षरे नीट मिळतीलच असे नाही. शोधयंत्रातही अशी सूचना सहज सापडत नाही. सूचना मजकूर म्हणूनच टाइप करावी. छापखान्याच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच उचलून टाकला तर अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो, म्हणून टायपिंग युनिकोडमध्येच करून घ्यावे.

उर्दूच्या बाबतीत ही चूक जास्त होते. इनपेजमध्ये मजकूर तयार करून त्याचे चित्र टाकले जाते. आता युनिकोडमध्ये नस्तालिक फॉन्टही उपलब्ध आहेत. मात्र त्या पानाची दिशा उजवीकडून डावीकडे ठेवायला बनवणाऱ्यास सांगावे. भाषा बदलण्याच्या बटणावर प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत असावे. भाषा बदलली की वाचणारा त्याच पानावर राहावा, पुन्हा पहिल्या पानावर फेकला जाऊ नये.

मोबाइलचा पडदा

वेबसाइट कार्यालयातल्या मोठ्या संगणकावर मंजूर होते आणि लोक ती मोबाइलवर उघडतात. कॅमेऱ्यातून आलेला ४ एमबीचा एक फोटो, असे दहा फोटो म्हणजे ४० एमबी. तेच फोटो प्रत्येकी २०० केबीचे केले तर सगळे मिळून २ एमबीत बसतात आणि पडद्यावर फरकही फारसा जाणवत नाही.

फिक्या रंगावर फिकी अक्षरे दुकानाबाहेरच्या उन्हात दिसत नाहीत. साध्या आकाराच्या अक्षरांचा आणि मागच्या रंगाचा उजळपणा किमान ४.५ ला १ या प्रमाणात वेगळा असावा, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते प्रमाण मोजून देणारी साधने इंटरनेटवर फुकट मिळतात. बटणेही बोटाने दाबता येतील एवढी मोठी आणि सुटी असावीत. फोन नंबर असा द्यावा की त्यावर बोट ठेवताच फोन लागेल.

फॉर्म

खरे नुकसान फॉर्मवर होते. 'नाव, वडिलांचे नाव, आडनाव' असे तीन रकाने सक्तीचे केले की आडनाव न लावणाऱ्याचा अर्ज पुढे सरकत नाही. मग तो काहीतरी लिहून टाकतो आणि पुढे कागदपत्रांशी नाव जुळत नाही. 'पूर्ण नाव, कागदपत्रांप्रमाणे' असा एकच रकाना पुरतो. मोबाइल नंबरमध्ये मोकळी जागा सोडली म्हणून अर्ज नाकारू नये. चूक झालीच तर ती कोणत्या रकान्यात आहे आणि काय लिहायला हवे, ते तेथेच सांगावे. भरलेली बाकीची माहिती पुसली जाऊ नये.

कामापुरतेच विचारावे. साध्या सभासदत्वासाठी आधारची प्रत कशाला? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तत्त्वही असेच आहे की, ज्या कामासाठी संमती घेतली त्याला आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी.

देणगीच्या पानावर क्यूआर कोडजवळ खात्याचे नेमके नाव लिहावे. पैसे पाठवताना मोबाइलवर तेच नाव दिसले म्हणजे देणाऱ्याची शंका मिटते. मोबाइलवरच वेबसाइट पाहणाऱ्याला आपल्याच पडद्यावरचा कोड टिपता येत नाही, म्हणून सोबत यूपीआय आयडीही द्यावा.

तारीख आणि तपासणी

'अंतिम तारीख ३० जून' असे लिहिले आणि वर्ष लिहिले नाही, तर विद्यार्थ्याने काय समजावे? प्रत्येक सूचनेवर वर्ष घालावे आणि मुदत संपलेली सूचना वेगळ्या पानावर हलवावी. हे काम कोण करणार, त्या व्यक्तीचे नाव कार्यकारिणीने ठरवून द्यावे.

शेवटी वेबसाइट जाहीर करण्यापूर्वी पाच जणांना बोलवावे. एक वयस्क दुकानदार, एक कारागीर, एक विद्यार्थिनी, एक परगावचा व्यापारी आणि एक चष्मा लावणारे गृहस्थ असे कोणीही चालतील. त्यांच्याच मोबाइलवर त्यांना कामे सांगावी. "फॉर्म शोधा", "भाव शोधा". शेजारी बसावे, पण मदत करू नये आणि "इथे दाबा" असे सांगू नये. ते जेथे थांबतात तेथे चूक आहे, असे समजून टिपून घ्यावे. नील्सन यांच्या हिशेबाप्रमाणे अशा पाच जणांकडून सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. या तपासणीला एक दुपार आणि पाच जणांचा चहा, एवढाच खर्च येतो. ज्या संस्थांची वेबसाइट आधीच सुरू आहे, त्यांनीही पुढच्या बैठकीपूर्वी एवढे करून पाहावे.