कोणत्या रुग्णाला कोणते बोलणे?

बैलाचा खांदा सुजला तर एक औषध आणि पोट फुगले तर दुसरे, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. दुखणे पाहून उपाय करावा ही रीत आपण गोठ्यातही पाळतो. पण घरातल्या माणसाचे मन आजारी पडले की आपण सगळ्यांना एकच मात्रा देतो: “मन घट्ट कर, विचार करू नकोस, देवावर भरवसा ठेव.” ज्याच्या कानात आवाज येतात त्यालाही हेच, ज्याला पहाटे जाग येऊन मरणाचे विचार सुचतात त्यालाही हेच, आणि रोज पिऊन येणाऱ्यालाही हेच.

इस्पितळाच्या मानसोपचार विभागात डॉक्टर गोळ्या देतात आणि परिचारिका रुग्णाजवळ बसून बोलते. घरच्यांना वाटते की ही नुसती विचारपूस आहे. पण ते बोलणेही उपचारच असते. त्याचे प्रकार आहेत, आणि कोणता प्रकार कोणाला द्यायचा हे ठरवावे लागते. निवड चुकली तर वेळ फुकट जातो, कधी रुग्णाला अपायही होतो. ही निवड कशी होते आणि घरच्यांनी तिला कसा हातभार लावावा, एवढेच आम्ही या लेखात सांगणार आहोत.

आपल्या भागातील कुटुंबांना हे कळणे विशेष गरजेचे आहे. गुजरात सरकारची मनोरुग्णालये अहमदाबाद, वडोदरा, जामनगर व भूज येथे आहेत. सुरतेत तसे वेगळे मनोरुग्णालय नाही. आपले रुग्ण नव्या सिव्हिल इस्पितळात किंवा स्मीमेर इस्पितळात मानसोपचार विभागात दाखवले जातात आणि बरे वाटू लागले की गावी परततात. परिचारिकेने सुरू केलेले काम पुढे घरच्यांनाच चालवायचे असते.

परिचारिका आणि मनोरुग्ण

पूर्वी मनोरुग्णालयात परिचारिकेचे काम राखणीचे होते: कोणी पळू नये, कोणी स्वतःला इजा करून घेऊ नये. १९५२ साली अमेरिकेतील परिचारिका हिल्डेगार्ड पेप्लॉ यांनी एका ग्रंथात मांडले की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हेच उपचाराचे साधन आहे. प्रथम दोघे अनोळखी असतात, मग ओळख होते, विश्वास बसतो, रुग्ण त्या आधाराने आपली अडचण सोडवू लागतो आणि शेवटी स्वतःच्या पायावर उभा राहून निरोप घेतो.

आपल्या देशात याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णाच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला दिले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही १९५७ मध्ये सुरू झालेल्या आपल्या मानसोपचार केंद्रात कुटुंबाला रुग्णासोबत ठेवण्याची रीत पाडली. नातेवाईक आजार समजून घेत आणि शुश्रूषा शिकूनच घरी जात. आपल्याकडे घर मोठे आणि डॉक्टर थोडे, हे ओळखून केलेली ही निवड होती.

निवडीपूर्वी काय पाहतात?

पहिला प्रश्न जिवाचा. रुग्णाच्या मनात मरणाचे विचार आहेत का, हे परिचारिका स्पष्ट विचारते. विचारल्याने असा विचार मनात शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून रुग्णाचा जीव हलका होतो. धोका असेल तर बाकी सारे मागे ठेवून आधी त्याला एकटे न सोडण्याची व्यवस्था करतात.

दुसरा प्रश्न, रुग्णाला वस्तुस्थितीचे भान किती आहे? तिसरा, त्याच्या अंगात किती ताकद आहे? जो आठ दिवस धड जेवला-झोपला नाही त्याला लांबलचक बोलणे झेपत नाही. चौथा, दुःखाचे मूळ कोठे आहे: विचारात, सवयीत, नात्यात, की नुकत्याच झालेल्या एखाद्या मृत्यूत? पाचवा, वेळ व भाषा. ज्याला गावाहून एक-दोनदाच येणे शक्य आहे, त्याला वर्षभर चालणारा उपचार सांगून उपयोग नाही. सुरतेत रुग्ण अहिराणी किंवा गामित बोलणारा आणि परिचारिका गुजराती बोलणारी, असेही होते. अशा वेळी थोडे शब्द आणि करून दाखवण्याजोगी पद्धत बरी.

शेवटचा प्रश्न परिचारिकेने स्वतःला विचारायचा असतो: मला यातले काय येते? जे शिकलेले नाही ते रुग्णावर करून पाहू नये. निदान व औषध डॉक्टरांकडे, खोलवरचा मानसोपचार त्याचे शिक्षण घेतलेल्याकडे, आणि रोजचा आधार व सोप्या पद्धती परिचारिकेकडे, अशी वाटणी असते.

कोणाला कोणते?

ज्याला आवाज ऐकू येतात, कोणीतरी विष घालील असे वाटते, अशा छिन्नमनस्कतेच्या रुग्णाला आधी औषध लागते. त्याच्याशी परिचारिका वाद घालत नाही आणि त्याच्या होला होही मिसळत नाही. “तुम्हाला आवाज येतो आणि भीती वाटते हे मी जाणते, मला मात्र तो ऐकू येत नाही,” एवढेच शांतपणे सांगते. आजार भरात असताना त्याच्या बालपणीच्या जखमा उकरून काढणे बरे नव्हे. येथे घरच्यांना समजावणे हाच मोठा उपचार आहे. ज्या घरात रुग्णाला सतत टाकून बोलतात त्या घरात दुखणे लवकर उलटते, हे लंडनमधील संशोधकांनी १९५० नंतरच्या दोन-तीन दशकांत दाखवून दिले.

ज्याला उन्मादाचा झटका आहे, जो रात्रभर जागा राहून दहा धंद्यांच्या गोष्टी करतो, त्याच्याशी लहान वाक्यांत व हळू आवाजात बोलतात. गर्दी व गोंगाट कमी करतात. त्याच्या योजनांवर चर्चा करीत नाहीत.

नैराश्याच्या रुग्णासाठी दोन-तीन वाटा आहेत. एखादा शेतकरी दिवसभर खाटेवर पडून असेल, तर कृतीला चालना देण्याची पद्धत निवडतात. आपण म्हणतो, बरे वाटले की कामाला लागेन. ही पद्धत उलट्या टोकाने सुरू होते: आधी लहानशी कृती, मग हळूहळू बरे वाटणे. आज फक्त आंघोळ आणि ओट्यावर बसणे, उद्या बांधापर्यंत जाऊन येणे, परवा मित्राला भेटणे. रोज काय केले आणि कसे वाटले याची नोंद ठेवायची. लिहिता येत नसेल तर खुणा करायच्या.

ज्याचे डोके चालते पण एकाच विचारात अडकले आहे, त्याच्यासाठी विचार तपासण्याची पद्धत. अल्बर्ट एलिस व अ‍ॅरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९५० व १९६० च्या दशकांत ती घडवली. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी एलिस यांची विचारसरणी मराठीत आणली. “ऊस जळाला” ही घटना. “म्हणजे मी नालायक, आता सारे संपले” हा तिच्यावरचा विचार. परिचारिका विचारते, “घटना खरी. पण नालायक हे कशावरून?” रुग्ण आपल्या विचाराचा पुरावा शोधू लागला की गाठ सैल होते. मात्र ज्याचे दुःख ताजे आहे, ज्याचा मुलगा गेल्या आठवड्यात गेला, त्याला असले प्रश्न विचारणे क्रूरपणा ठरेल. त्याच्याजवळ बसावे आणि त्याला रडू द्यावे.

दारूच्या बाबतीत उपदेश सर्वांत कमी उपयोगी पडतो. गुजरातेत दारूबंदी असल्याने माणूस पिणे लपवतो, म्हणून आधी विश्वास मिळवावा लागतो. मग परिचारिका विचारते: “पिण्याने तुम्हाला काय मिळते? काय जाते? पोरांच्या बाबतीत तुमची इच्छा काय आहे?” सोडण्याचे कारण त्याच्या तोंडून निघाले तर ते त्याचे स्वतःचे होते. एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली आणि हातपाय थरथरू लागले, भ्रम झाला किंवा झटके आले, तर ताबडतोब इस्पितळात न्यावे. तेथे आधी औषध, बोलणे नंतर.

गोव्यात काय घडले?

हे सारे पुस्तकात ठीक, खेड्यात चालेल का, असे कोणी विचारील. याचे चांगले उत्तर गोव्यातून मिळाले आहे. तेथील ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. रुग्णांशी बोलणारे डॉक्टर नव्हते, परिचारिकाही नव्हत्या. ती स्थानिक माणसे होती. त्यांना या कामाचे प्रशिक्षण दिले होते आणि त्यांच्या कामावर देखरेख होती.

त्यांनी दोन दुखण्यांसाठी दोन वेगळ्या पद्धती निवडल्या. नैराश्यासाठी कृतीला चालना देण्याची, सहा ते आठ भेटींची. आणि घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी, त्यांचाच निश्चय जागवणारी, जास्तीत जास्त चार भेटींची. नैराश्याच्या अनेक उपचारांतून ही पद्धत घेतली, कारण ती शिकायला सोपी आणि कमी शिकलेल्या रुग्णालाही झेपणारी होती. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा केवळ केंद्रातील नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. त्या उपचारांसोबत या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के. दारूच्या बाबतीत हेच आकडे २६ आणि ३६ टक्के होते. म्हणजे दारूचा फरक लहान, नैराश्याचा मोठा. कोणताही उपाय सर्वांना लागू पडत नाही, हेही या आकड्यांतून दिसते.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांतही शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याविषयी बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण पूर्वी सुमारे ४ टक्के होते. अठरा महिन्यांनी ते सुमारे २७ टक्क्यांवर गेले. लोकांना मदत नको होती असे नाही. ती त्यांच्या दारापर्यंत, त्यांच्या भाषेत पोहोचली नव्हती.

आपत्तीनंतरचे बोलणे

ऑगस्ट २००६ मधला तापीचा पूर सुरतकर विसरलेले नाहीत. उकाईच्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग बुडाला होता. अशा प्रसंगी माणसाला लगेच एका जागी बसवून “काय पाहिलेस ते सगळे सांग” म्हणावे, असे पूर्वी काही ठिकाणी करीत. आता जागतिक आरोग्य संघटना तसे करू नये असे सांगते. २०११ मध्ये तिने इतर संस्थांसह मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचा सारांश असा: गरज पाहा, ऐका, आणि मदतीशी जोडून द्या. पिण्याचे पाणी, कोरडे कपडे, हरवलेल्या माणसाची खबर हे आधी. ज्याला बोलायचे आहे त्याचे ऐकावे. ज्याला नाही त्याला भाग पाडू नये.

घरच्यांनी काय करावे?

१. डॉक्टर व परिचारिका यांना विचारावे: “आमच्या माणसाशी कोणत्या पद्धतीने बोलत आहात? घरी आम्ही काय करावे?” हा आपला हक्क आहे.

२. तीन-चार भेटींनंतरही काही फरक नसेल तर तसे सांगावे. पद्धत बदलता येते. गुपचूप उपचार सोडू नयेत.

३. बोलण्याने बरे वाटू लागले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

४. रुग्णाने परिचारिकेला सांगितलेले घरी खोदून विचारू नये. गुप्तता राहिली तरच तो मोकळा होतो.

५. प्रार्थना अवश्य करावी, धर्मगुरूंनाही भेटावे. पण पापनिवेदन व मानसोपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पापनिवेदनात पापांची क्षमा मिळते. नैराश्य हे पाप नव्हे, त्याला क्षमेची नाही, उपचाराची गरज असते. भगताकडे नेऊन उपचाराचे दिवस दवडू नयेत.

६. कीटकनाशकाचे डबे घरात, खाटेखाली ठेवू नयेत. कुलूपबंद पेटीत, शक्य तर घरापासून दूर ठेवावे आणि किल्ली जबाबदार माणसाकडे द्यावी. मरणाचा झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळी विष हाताशी नसेल तर जीव वाचू शकतो.

७. कोणी मरणाची भाषा केली तर ती धमकी समजून उडवून लावू नये. त्याला एकटे सोडू नये व इस्पितळात न्यावे. सरकारची ‘टेली मानस’ ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करावा. पैसे पडत नाहीत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत मानसोपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच हा कायदा गृहीत धरतो आणि त्याची काळजी घेण्याचे काम सरकारवर सोपवतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणी असा रुग्ण घरात लपवून ठेवू नये. ज्या दिवशी लक्षात येईल त्याच दिवशी त्याला घेऊन निघावे, आणि जाताना त्याच्याशी सर्वांत मोकळेपणाने बोलणारे घरातले एक माणूस सोबत न्यावे. परिचारिकेला पहिली खरी माहिती त्याच्याकडूनच मिळेल.