ऊस उभा असताना रंग ठरवू नका

पणदऱ्यात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर मी रंगकामं घेतो. गडद रंग लोक पटकन ठरवतात; घोडं अडतं ते फिक्क्यावर. मोतिया घ्यायचा की फिक्का बदामी? शेडकार्डावर दोन्ही पांढऱ्याच्या एक पायरी खाली. भिंतीवर चढले की एक निळसर राखी दिसतो, दुसऱ्यातली लाल झाक वर येते.

फिक्का रंग पडलेला बहुतेक उजेड परत फेकतो, म्हणून उजेडात जे मिसळलेलं असेल ते भिंत दाखवते. शहाबादी फरशी, समोरचं पत्र्याचं शेड, सगळं. आमच्याकडे त्यात ऊस आला. नीरा डाव्या कालव्याचा हा पट्टा. कितीतरी घरांच्या खिडकीलगत पुरुषभर उंच फड असतो. त्यावरून येणारा उजेड हिरवट. त्यात मोतिया आजारी वाटतो, बदामीतली लाली मात्र तो हिरवेपणा मारते. आपल्या आज्या चुन्यात चिमूटभर नीळ घालायच्या, तीही चुन्याची पिवळट झाक मारायलाच. किती नेमकी नजर होती त्यांची! पण ऊस तुटला की त्याच खोलीत लख्ख ऊन येतं आणि बदामी गुलाबीकडे झुकतो. म्हणून मी आधी विचारतो, "तात्या, तोड कधी आहे?"

नमुना जुन्या भिंतीवर थेट लावू नये. भोवती हिरवा डिस्टेंपर असेल तर मधला फिक्का पट्टा उगाच गुलाबी भासतो. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. शेव्रल या रसायनतज्ज्ञाने रंग तपासला तर तो चांगला निघाला, दोष शेजारच्या रंगांचा होता. 1839 साली त्याने त्यावर ग्रंथच लिहिला.

तेव्हा मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, कडेला पांढरी पट्टी सोडा, पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावरून काही ठरवू नका. मग पुठ्ठा खिडकीच्या भिंतीवर आणि तिच्या समोरच्या भिंतीवरही धरून बघा. खिडकीची भिंत स्वतः अंधारात असते, तिथे मोतिया मळकट दिसतो. रात्री दिवा लावूनही बघा. पिवळ्या बल्बखाली बदामी उबदार होतो, पांढऱ्या एलईडीखाली मोतिया गारठतो. स्वयंपाकघराला सकाळचा उजेड धरून रंग निवडा, बैठकीच्या खोलीला रात्रीचा.